कुणी हात लावला?

माझा मामा कॅमेरे दुरुस्त करतो. 'करायचा' असं लिहिणार होते, पण तो हे वाचेल आणि भांडायला येईल. दुकान अजून आहे, पाटी अजून आहे आणि पाटीखाली मामाही आहे. फक्त गिऱ्हाईक इतकं कमी झालंय की कुणी पायरी चढलं तर आधी आम्हाला वाटतं, पत्ता विचारायला आलं असेल.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काचेचं कपाट, मधे मामाचं टेबल, आणि मागच्या टोकाला जाड काळ्या पडद्याआड माझी खोली. मी रोल धुते आणि फोटो छापते. हे काम मला मामानेच शिकवलं. असल्या कामामुळे माझं लग्न उशिरा झालं, असं आई म्हणते. मला वाटतं ते माझ्या तोंडामुळे झालं, आणि तोंड मी मामाकडूनच उचललंय. वर मामा-मामी राहतात. जिना दुकानातूनच वर जातो, त्यामुळे खाली काय चाललंय हे मामीला कधी विचारावं लागत नाही.

बाजारात मामाला 'जजसाहेब' म्हणतात. बंद पडलेला कॅमेरा समोर आला की तो आधी कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणणाऱ्याकडे बघतो आणि विचारतो, "कुणी हात लावला?" त्याच्या मते कॅमेरा आपणहून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा कुणीतरी घाई केलेली असते, जोर लावलेला असतो, नाहीतर येत नसताना येतंय असं दाखवलेलं असतं. ते कळलं की अर्धं काम झालं. इथपर्यंत ठीक आहे. डॉक्टरही विचारतातच, काल काय खाल्लं म्हणून. पण डॉक्टर उत्तर ऐकून औषध लिहितात. मामा निकाल देतो, तोही मोठ्याने, दुकानात जो कुणी असेल त्याच्यासमोर.

एकदा एक सासरे आणि जावई जोडीने आले. कॅमेरा सासऱ्यांचा, वापरला जावयाने. जावई शपथेवर सांगत होता की कपाटातून काढला तेव्हापासूनच तो असा करकरतोय. मामाने कॅमेरा पांढऱ्या कागदावर उलटा धरून हलकेच टिचक्या मारल्या, तर चिमूटभर वाळू पडली. "समुद्रावर कोण गेलं होतं?" मामाने विचारलं. सासरे जावयाकडे बघायला लागले, कारण जावई मागच्याच आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेला होता, असं त्यांच्या मुलीला सांगण्यात आलं होतं. पुढे त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. तो कॅमेरा न्यायला मात्र सासरे एकटेच आले.

"अहो, गिऱ्हाईक आहे ते, आरोपी नाही," मामी जिन्यातून म्हणायची.

"मी फक्त काय झालं ते सांगतो," मामा म्हणायचा. आणि ते खरं होतं, हेच तर अवघड होतं. त्याचा निकाल कधी चुकत नसे, त्यामुळे त्याला कुणी काही बोलूही शकत नसे.

ह्या असल्या माणसाचा एकच जवळचा मित्र होता, पोस्टमास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. त्यांच्याकडे एकच कॅमेरा, तरुणपणी जुन्या बाजारातून घेतलेला, विटेएवढा जड, धातूचा, काठांवरचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायला लागलेला. आमच्या भागातलं एकही घर नसेल जिथे त्यांनी काढलेला फोटो नाही. पण त्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे. घरात तो टेबलावर असला की काकू, म्हणजे त्यांची बायको, टेबल पुसताना त्याच्या कडेकडेने फडकं फिरवायच्या. साफसफाईला तो मामाकडे यायचा आणि मामा त्याला उघडून बसला की पोस्टमास्तर शेजारी स्टूल ओढून, ऑपरेशनला नातेवाईक बसावेत तसे बसायचे.

मग त्यांनी कॅमेरा आणणं बंद केलं. स्वतः येत होते, चहा घेत होते, गप्पा मारत होते, पण हात रिकामे. मामाने विचारलं तर म्हणाले, "आहे घरी. जुना झाला आता. आम्ही दोघंही जुने झालो." मामाने हे मनाला लावून घेतलं. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की पोस्टमास्तरांनी दुसरा कुणी दुरुस्तीवाला धरलाय. तसं तोंडावर बोलला असता तर एका मिनिटात निकाल लागला असता, पण जगाला फटाफटा बोलणारा मामा स्वतःला लागलं की मूग गिळून बसतो. तो त्यांच्याशी तुटक वागायला लागला. पोस्टमास्तर तरीही येत राहिले. मग आजारी पडले आणि यायचे थांबले. ते गेले तेव्हा मामा त्यांच्या घरी जाऊन आला आणि पुढचे कितीतरी दिवस कुणाशीच बोलला नाही. गिऱ्हाइकांची त्यामुळे चैन झाली, आमचे मात्र हाल झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी मामा वर जेवायला गेला असताना, काकू दुकानात आल्या. त्यांनी कापडी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला आणि आधी जिन्याकडे बघून घेतलं.

"मामा वर आहेत ना?"

"जेवतोय. बोलावू?"

"नको, थांब जरा." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा अडकलाय. आत रोल आहे. त्यात ह्यांचा एक फोटो आहे. बाकी काही नाही झालं तरी चालेल, तेवढा निघाला पाहिजे."

त्यांच्या भिंतीवर लावलेला फोटो मी पाहिला होता. ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. त्यात पोस्टमास्तर, पत्ता अपुरा असलेल्या पाकिटाकडे बघावं तसे समोर बघतायत. जन्मभर अख्ख्या गावाचे फोटो काढले आणि स्वतःचा म्हणून राहिला तो एवढाच.

"रोलमधला फोटो कुणी काढला?" असं मी विचारून गेले आणि जीभ चावली. मामाचं रक्त, दुसरं काय.

"मीच," काकू म्हणाल्या. "दुपारचे जेवून खुर्चीत झोपले होते. खिडकीवर कबुतरं यायची, त्यांच्यासाठी कॅमेरा तयार करून टेबलावर ठेवला होता. मला वाटलं, एकदा तरी आपण काढावा. बटण कुठलं ते माहीत होतं गं, जन्मभर तेच बघत आले. दाबलं, आवाज झाला. मग भीती वाटली. ह्यांना कळायला नको, होता तसा करून ठेवू म्हटलं. ते नेहमी वरची ती चकती फिरवायचे आणि खटका ओढायचे, म्हणून मीही चकती फिरवली आणि खटका ओढला. तो अर्ध्यात अडकला. मी जोर लावला. मग काहीच हलेना. दिला तसाच ठेवून."

"आणि काका?"

"उठले, हातात घेतला, इकडेतिकडे फिरवून बघितला आणि खाली ठेवला. संध्याकाळी म्हणाले, अडकलाय वाटतं, जुना झाला. मी काही बोललेच नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले आणि मग ते आजारीच पडले." त्यांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. "शेवटी शेवटी खिडकीशी नुसते बसून असायचे. हातात कॅमेरा नाही. ते सगळं माझ्यामुळे. आणि वर तो फोटोही वाया गेला असला तर मी काय करू, सांग. तुझ्या मामांना नको सांगूस, एवढंच. ते विचारतील, आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल."

मी तडक जिना चढले. मामा ताटावरून उठत होता.

"मामा, पोस्टमास्तरांच्या काकू आल्यात. कॅमेरा घेऊन. आज विचारू नकोस."

"काय विचारू नको?"

"नेहमीचं."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"ती म्हणतेय तर ऐका की एकदा," मामी म्हणाली. मामाने हात पुसले आणि कसलंही वचन न देता खाली आला.

टेबलाशी येऊन तो कॅमेऱ्याकडे बघत उभाच राहिला. आधी माणसाकडे बघायचा नियम त्याने मोडलेला मी तेव्हाच पाहिला. मग बसला, दिवा ओढून जवळ घेतला आणि कॅमेरा हातात घेऊन वळवला. मागच्या झाकणाच्या फटीवर काळी चिकटपट्टी लावलेली होती, चारही बाजूंनी, कोपऱ्यांत नीट दाबून.

"ही कुणी लावली?"

"ह्यांनीच," काकू म्हणाल्या. "कपाटात ठेवताना."

मामाने नुसतं "हं" केलं आणि कामाला लागला. अडकलेला कॅमेरा त्याने आल्या आल्या उघडलेला मी कधी पाहिला नाही. आधी तो एका बोटाने रोल पुढे नेणारा खटका ओढून बघतो, जोर न लावता, कुठे आणि कसा थांबतो ते. रोल संपल्यामुळे अडकला असेल तर खटका रबरासारखा ताणला जातो. आत काही रुतलं असेल तर तो भिंतीला लागल्यासारखा थांबतो. हा भिंतीला लागल्यासारखा थांबला. मग त्याने फोटो मोजणारा आकडा बघितला. तो दोन खुणांच्या मधे उभा होता आणि रोल अजून बराच शिल्लक होता. मग स्पीडची चकती बघितली आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. भिंग डोळ्याला लावून त्याने वरचे स्क्रू काढले, एकेक करून डब्याच्या झाकणात ठेवले आणि वरचा पत्रा उचलला. काकू स्टुलावर बसल्या होत्या. पोस्टमास्तर बसायचे त्याच स्टुलावर, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

"ह्या जातीच्या कॅमेऱ्यात," मामा भिंगातून मान न उचलता म्हणाला, "आधी खटका ओढून शटर भरायचं, म्हणजे पुढच्या फोटोला तयार करायचं, आणि मग चकती फिरवायची. न भरता चकती फिरवली की तिच्याखालची पिन आपली खाच सोडून शेजारच्या चाकात शिरते. त्यात खटका ओढला की पाचर मारल्यासारखी रुतून बसते. हा बघा ओरखडा. एकच आहे. रोज वापरणारा माणूस हे कधी करत नाही." आणि मग, सवयीनेच, "कुणी हात लावला?"

त्या क्षणी माझ्या हातात पाण्याचा ट्रे असता तर मी तो मामाच्या डोक्यावर ओतला असता.

"मी," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, पण सरळ मामाकडे बघत. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. असतं तरी त्या थांबल्या असत्या असं मला वाटत नाही. खूप दिवस पोटात ठेवलेलं एकदा बाहेर पडायला लागलं की पडतंच.

मी निकालाची वाट बघत होते. मामाने भिंग काढून ठेवलं.

"वहिनी, मग त्यानं माझ्याकडे का नाही आणला? एका दुपारचं तर काम होतं."

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हटलं, न्या की तुमच्या मित्राकडे. तर म्हणाले, नको, तो विचारत बसेल."

मामाने कॅमेरा वळवून पुन्हा ती चिकटपट्टी बघितली. वर जिन्यात मामीची चाहूल होती, ती थांबली.

"मला वाटलं, तुमच्या प्रश्नांचा कंटाळा आला असेल त्यांना," काकू ओशाळून म्हणाल्या.

"कंटाळा नाही," मामा म्हणाला. "त्याला कळलं होतं, वहिनी. हातात घेतल्या घेतल्या कळलं असणार. चकती भलत्याच आकड्यावर, खटका अर्ध्यात, आणि घरात तुम्ही दोघंच. ही पट्टी बघा. नुसता जुना झालेल्या कॅमेऱ्याला कुणी अशी पट्टी लावत नाही. आतला रोल चुकूनही कुणी उजेडात उघडू नये म्हणून लावतात. आत तुम्ही काढलेलं काहीतरी आहे, हे त्याला माहीत होतं. ते जपायचं होतं. काढायला उजेड आत न येणारी काळी पिशवी हवी, ती माझ्याकडे. आणि इथे आणायचं म्हणजे माझा प्रश्न आला. स्वतःवर घेतलं असतं तर मला पटलं नसतं, मी हसलो असतो, आणि तुमचं नाव घ्यायची त्याची तयारी नव्हती." तो थांबला. "मला वाटलं, तो दुसऱ्याकडे जातो. मी त्याच्याशी धड बोलतही नव्हतो. येऊन बसायचा बिचारा समोर, आणि मी मान खाली घालून काम करायचो. माझ्या ह्या तोंडापायी तो कॅमेऱ्याशिवाय राहिला."

"तुमच्यामुळे नाही हो. मोडला मी."

"मोडणं सोपं असतं. दुरुस्तही झाला असता दुसऱ्या दिवशी. माझ्यामुळेच."

"असं कसं म्हणता, हात मी लावला ना?"

इतकी वर्षं ह्या टेबलाशी मी लोकांना दोष दुसऱ्यावर ढकलताना पाहिलंय. त्या दिवशी पहिल्यांदा दोन माणसं तो आपल्याकडे ओढत होती. मामी खाली आली, दोघांच्या मधे चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, "आधी तो फोटो काढा. मग भांडा."

मामाने चिमट्याने पिन सोडवली. आवाजही झाला नाही. मग कॅमेरा काळ्या पिशवीत घातला, दोन्ही बाह्यांतून हात आत सारले आणि डोळे मिटले. त्याला आत काही दिसत नसतंच, पण डोळे मिटल्यावर बोटांना जास्त समजतं असं तो म्हणतो. इतके दिवस एकाच जागी वळून राहिलेली फिल्म कडक होते. घाई केली तर कडेच्या भोकांपाशी फाटते, आणि काकूंचा फोटो नेमका त्या अडकलेल्या जागेला लागून होता. मामा फिल्म एकेका दातावरून मागे घेत होता, थांबत होता, पुन्हा घेत होता. काकूंचा चहा तसाच राहिला. बऱ्याच वेळाने मामाने डोळे उघडले, पिशवीतून डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"सबंध आहे. आता तुझ्याकडे."

हे म्हणायला सोपं. माझा जीव टांगणीला लागला. जुना रोल कसा धुतला जाईल हे सांगता येत नाही. मी आधी सुरुवातीचा वाया गेलेला तुकडा कापून धुऊन बघितला, मग वेळ वाढवला आणि बाकीचा रोल घातला. वाळत टाकला तेव्हा दिसलं की सगळंच फिकट आहे, पण आहे. कबुतरं होती, समोरच्या घराची गच्ची होती, सायकल शिकणारी कुणाची तरी पोर होती. आणि सगळ्यात शेवटी, तिरपी, एक खुर्ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. छापताना मी कुणाला आत घेत नाही, पण त्यांना घेतलं. पाठोपाठ मामा आला. त्या खोलीतल्या वासाने त्याचं नाक वाहायला लागतं म्हणून तो कधी येत नाही. आम्ही तिघं लाल दिव्याखाली ट्रेवर वाकून उभे राहिलो आणि मी कागद औषधाच्या पाण्यात हलवत राहिले.

आधी खिडकीची चौकट आली. मग खुर्चीचा हात. फोटो जेवढा वाकडा असायला हवा तेवढा होता. पोस्टमास्तर एका कडेला, पाय कापलेले, अर्धा फोटो रिकाम्या भिंतीचा. पोटावर वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर चढवलेला. मग चेहरा वर आला, आणि आम्हाला तिघांनाही ते एकदमच दिसलं. उजवा डोळा घट्ट मिटलेला, लहान मुलं झोपेचं सोंग घेताना मिटतात तसा. डावा मात्र किंचित किलकिला, आणि तो थेट फोटो काढणाऱ्याकडे बघत होता. हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून धरलेले.

"जागे होते," काकू म्हणाल्या.

मी कागद उचलून दुसऱ्या पाण्यात टाकला. त्या त्याच्यावर वाकल्याच होत्या.

"जागेच होते की हो. सगळं बघत होते." त्यांनी मामाकडे बघितलं. "मग तेव्हाच का नाही बोलले?"

मामाने नाक पुसलं.

"बोलला असता तर फोटो हलला असता, वहिनी."

काकू हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मामा वासाचं निमित्त करून बाहेर गेला. मी दुसरी प्रत काढायला घेतली, कारण पहिली अजून ओलीच होती आणि काकूंनी ती हातात घेतली होती. त्या ती खाली ठेवायला तयार नव्हत्या.